तुपाचा दुसरा चमचा

मालनकाकू तूप वाढताना चमचा पूर्ण उलटा करीत नसत. भातावर आणून तो जरासा कलता करायचा, तूप कडेवरून उतरू द्यायचं, आणि शेवटचा थेंब कडेला अडकला की तो आपसूक पडेपर्यंत थांबायचं. तूप कितीही पातळ असलं तरी तो थेंब सुटायला थोडा वेळ घेतो. तेवढा वेळ काकू समोरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत. मग पुढच्या ताटाकडे सरकत.

प्रत्येकाला एक चमचा. एकालाच मात्र, काही न विचारता, दुसरा.

हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. त्याचा अर्थ कळला तो पाचव्या वर्षी.

काकूंचा मुलगा, कॅप्टन अभिजित इंगवले, उत्तरेत हिमकडा कोसळून गेला. त्याच्या मागे सरकारकडून जे आलं, त्यातलं बरंचसं काकूंनी एका शिष्यवृत्तीसाठी ठेवलं. कल्पना कर्नल भोइट्यांची. ते निवृत्त होऊन गावाकडे आले होते आणि नात्याने काकूंचे दीर लागत. जिल्ह्यातल्या कॉलेजांत एनसीसी करणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचा दरवर्षी उरलेल्या शिक्षणाचा खर्च करायचा, पुण्याला ठेवून अधिकारी निवडीची तयारी करून घ्यायची, मुलाखतीला जायचं-यायचं भाडंही द्यायचं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि मुलींच्या एनसीसीचं काम बघायची, म्हणून कर्नलांनी मला निवड समितीत ओढलं.

पद्धत अशी. सकाळी मैदानावर धावणं आणि गटाचं काम. मग लेखी पेपर. मग मुलाखत. त्यातून तिघं निवडायची आणि दुपारी काकूंच्या घरी जेवायला न्यायची. घर वडूजच्या अलीकडे एका वाडीत, अभिजितच्या पगारातून बांधलेलं, स्लॅबचं. जेवणात परीक्षा नव्हती, कुणी प्रश्न विचारायचं नाही. फक्त संध्याकाळी मुलं परत निघताना काकू दारात येऊन एक नाव सांगायच्या. शेवटचा शब्द त्यांचा. तो आईचा मान, असं कर्नलांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, आणि लष्करी माणसाने एकदा ठरवलं की ते ठरलं.

शिष्यवृत्ती मिळालेला एकही मुलगा तोवर अधिकारी झाला नव्हता. एक बँकेत लागला, एक शिक्षक झाला, एकाने मोबाइलचं दुकान टाकलं. सगळे दिवाळीला काकूंच्या पाया पडून जात. कर्नल म्हणायचे, आपल्या तालुक्याचं पाणीच आटलं बहुतेक, मॅडम. मग पुण्याचा क्लास बदलून बघायचे.

त्या वर्षी मैदानावर सोनल जगदाळे होती. बारीक, उंच, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. गटाच्या कामासाठी कर्नलांनी फक्कीने दोन रेघा मारल्या होत्या. मधली जागा म्हणजे नदी, तिथे पाय लावायचा नाही. दोन फळ्या, एक दोर आणि एक पिंप पलीकडे न्यायचं. फळी मुद्दाम आखूड दिलेली. मुलगे एकमेकांवर ओरडत होते, त्यात वडूजच्या डॉक्टरांचा ओंकार देवकर इंग्रजीतून ओरडत होता. सोनल थोडा वेळ फळीकडे बघत राहिली. मग फळी अर्धीअधिक नदीवर सरकवून मागच्या टोकावर स्वतः बसली आणि सर्वांत हलक्या मुलाला म्हणाली, चल पुढं. तो फळीच्या टोकापर्यंत गेला आणि उडी मारून पलीकडे पोचला. मी वर्गात तरफ शिकवते तेव्हा इतकं नीट उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

एकेक करून सगळे गेले, दोराने पिंपही ओढून घेतलं. सोनल अलीकडेच बसून राहिली.

कर्नल जवळ गेले. म्हणाले, "आणि तू कशी जाणार? तुझ्या मागे वजन कोण धरणार?"

"शेवटचा माणूस अलीकडंच राहतो, सर," ती म्हणाली. "सामान गेलं, माणसं गेली. काम झालं की."

कर्नल माझ्याजवळ येऊन उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली आणि हळूच म्हणाले, ही आहे. यंदा ही आहे, मॅडम. काकू कडेला खुर्चीवर छत्री धरून बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं.

मुलाखतीत ती थोडकंच बोलली. कर्नलांनी विचारलं, नाही मिळाली शिष्यवृत्ती तर? ती म्हणाली, तर कॉलेज पुढं जमायचं नाही. मुलींचीही भरती निघते आता, त्यात शिपाई म्हणून जाईन. मग अधिकारीच व्हायचा हट्ट कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, घरात एक जण सांगून गेलाय, वर्दी घालायची तर चांदणी खांद्यावर घाल, पट्टी दंडावर नको. कोण सांगून गेलंय, ते कर्नलांनी विचारलं नाही. मीही नाही. आम्हा दोघांना ते ठाऊक होतं.

काकूंना नव्हतं. अभिजित गेल्यापासून त्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, आणि कर्नलांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं: वहिनींना कळता कामा नये, त्यांना सोसायचं नाही.

तिघांत सोनल, ओंकार आणि निखिल फाळके नावाचा एक गोरटेला मुलगा आला. निखिल धावण्यात मागे पडला होता, पण पेपर बरा लिहिला होता. पंगत नेहमीसारखी मधल्या खोलीत मांडली होती, खांबापासून सुरू. बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, चपात्या, शिरा, वरणभात. अभिजितचा फोटो त्या खोलीत नव्हता; तो आत, काकूंच्या कपाटावर असे. कर्नल नेहमीप्रमाणे मुलांना हसवत होते. ओंकारला म्हणाले, देवकर, घास इंग्रजीत चावू नका, पोटात मराठी आतडी आहेत. ओंकार हसला, पण त्याचं लक्ष काकूंच्या हातातल्या तुपाच्या भांड्याकडे होतं. निखिलचंही.

काकू वाढत आल्या. निखिलला एक चमचा. ओंकारला एक. सोनलला एक. थेंब पडेपर्यंत थांबल्या, तिच्याकडे बघितलं, आणि पुढे सरकायच्या ऐवजी चमचा पुन्हा भांड्यात बुडवला.

तेव्हा मी मुलांकडे बघत होते. ओंकारचे खांदे सैल पडले. निखिलने श्वास सोडला आणि घाईघाईने भात कालवायला घेतला. ज्याच्यावरचं संकट टळलं तो असा श्वास सोडतो. ज्याची संधी हुकली तो नाही. एवढ्यावरूनच मला मागची चार वर्षं उलगडली. पहिल्या वर्षी दुसरा चमचा ज्याला पडला तो सर्वांत चांगला धावलेला मुलगा होता. नाव दुसऱ्याचं निघालं. पुढच्या वर्षीही तसंच, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी समजत होते, काकूंचं मन एकावर बसतं आणि संध्याकाळपर्यंत बदलतं. ते कधीच बदललं नव्हतं.

चमचा कलता झाला आणि सोनलने डावा हात ताटावर धरला. तूप तिच्या हाताच्या पाठीवर पडलं. भांडं नुकतंच चुलीवरून उतरवलेलं होतं. तिने हात काढला नाही.

"आजी, दुसरा नको."

काकू वाकलेल्याच राहिल्या. "का गं? आवडत नाही का तूप?"

"आवडतं. पण दुसरा पडला की माणूस घरी जातो."

ओंकार आणि निखिल ताटात बघत होते. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक आहे? निखिल पुटपुटला, सगळ्याच कॉलेजांत ठाऊक आहे, मॅडम, सीनियर सांगतात.

"माझ्या दादाला पडला होता," सोनल म्हणाली. "सागरला. तो तिथं बसला होता, खांबापाशी. घरी येऊन सांगत होता, आजींनी सगळ्यांना एकदा वाढलं, मला दोनदा. शिष्यवृत्ती नाही मिळाली ते आईनं विचारल्यावर सांगितलं. आधी तूप सांगितलं."

काकूंनी चमचा भांड्यात ठेवला. खांबाकडे बघितलं. "तो सारखा हसायचा तो का? गालावर खळी होती?"

"हो."

"कुठं असतो आता?"

कर्नल खाकरले. "वहिनी, भात निवतोय मुलांचा."

सोनलने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. म्हणाली, "सर, तुम्ही आला होतात की आमच्या घरी. फुलं ठेवलीत. यांना सांगितलं नाही?"

कर्नल भोइट्यांसारखा माणूस मान खाली घालून बसलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

मग तिनेच सांगितलं, आवाज न चढवता, जसं मैदानावर बोलली होती तसंच. इथून गेल्यावर सागरने कॉलेज सोडलं. पुढच्याच भरतीत उतरला, धावण्यात पहिला आला. शिपाई झाला. मागच्या पावसाळ्यात डोंगरात रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत गेली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, दादा तुमची आठवण काढायचा, आजी. आणि उजव्या हाताने पुढचा घास घेतला, कारण पानात टाकायचं नाही हे तिला घरून शिकवलेलं होतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मी सोनलच्या हातासाठी गार पाणी आणायला मागून गेले. त्या चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या. तुपाचं भांडं मांडीवर होतं.

"मॅडम, तुम्हाला त्या पोराचं ठाऊक होतं?"

मी म्हटलं, हो.

"आणि दुसऱ्या चमच्याचं?"

"ते आत्ता कळलं, काकू."

"शास्त्र शिकवता ना तुम्ही," त्या म्हणाल्या. "पोरांना तुमच्या आधी कळलं."

मी माठातून पाणी घेतलं. बाहेर जायला वळले तर त्यांनी माझा पदर धरला, लहान मुलं धरतात तसा.

मग त्या बोलल्या. भांड्याकडे बघत, तुटक तुटक. चांगलं पोर दिसलं की त्यांना पुढचं सगळं दिसायचं. ते निवडलं जाणार, गणवेश घालून घरी येणार, गाव मिरवणूक काढणार. आणि मग पुन्हा एकदा येणार, झेंड्यात. मैदानावरच त्यांना ते पोर ओळखू यायचं. म्हणून त्या त्याला काढून घ्यायच्या. त्याच्या आईला कधी कळायचं नाही, पण मालन इंगवलेने तिचं पोर परत दिलं. राहील घरी, लग्न करील, त्याला टक्कल पडेल, पोट सुटेल. त्या प्रत्येकाचं म्हातारपण त्यांनी मनात रंगवलेलं होतं. सागरचंही.

"मला वाटत होतं, मी राखतेय," त्या म्हणाल्या. "चांदणी मिळाली नाही तरी तो गेलाच. माझ्या हातून फक्त चांदणी गेली त्याची."

धीर देण्यासाठी मला जे सुचत होतं, त्यातलं काहीच खरं नव्हतं.

"अभिजित निघाला तेव्हा," त्या म्हणाल्या, "ह्यांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं? मी डबा भरत होते. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पोरगं उंबऱ्यात उभं होतं. जाऊन ये, एवढं ऐकायला. मी झाकणच लावत बसले. ते झाकण बसत नव्हतं असं नाही, मॅडम. बसलं होतं."

त्यांनी माझा पदर सोडला. म्हणाल्या, जा, पोरीचा हात भाजलाय.

दुपार फार लांबली. दर वर्षी या वेळी काकू आत जरा आडव्या होत आणि मुलं ओट्यावर बसत. त्या दिवशी दार आतून लोटलेलं होतं, आणि पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत राहिला; बहुतेक तीच ती भांडी. कर्नल अंगणात फेऱ्या मारत होते. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, मी त्यांना जपायला गेलो हो. मी म्हटलं, त्याही तेच करत होत्या. त्यावर ते पुन्हा फेऱ्या मारायला गेले.

ओट्यावर मुलांचं हळू आवाजात चाललं होतं. ओंकार सोनलला म्हणत होता, तू सगळं बिघडवलंस, आता म्हातारी कुणालाच देणार नाही. सोनल म्हणाली, तुला कशाला पायजे, तुझे बाबा क्लासची फी भरतीलच की. ओंकार म्हणाला, फीचा प्रश्न नाही. मग कशाचा? ओंकार बुटाची नाडी बांधायला वाकला. निखिल म्हणाला, मला तर खरं बँकेत जायचंय, पण घरी सांगायचं कसं. तिघंही हसली. तिच्या हातावर फोड आला होता, रुपयाएवढा, आणि ती हात मांडीवर उताणा न ठेवता पालथा ठेवून त्यावर फुंकर घालत होती.

मी मनात हिशेब मांडत होते. काकूंनी निखिलचं नाव घेतलं तर तो आणखी एक बँकवाला होईल आणि दिवाळीला पाया पडायला येईल. सोनल कॉलेज सोडून भरतीच्या रांगेत उभी राहील. काकूंनी सोनलचं नाव घेतलं तर ती निवडली जाईल, याबद्दल मला शंका नव्हती. पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. यातल्या कुठल्याच वाटेला घर नव्हतं. जिच्यात पोर राहतं अशी वाट काकू इतकी वर्षं शोधत होत्या. ती या मुलीपुरती तरी नव्हतीच.

पाचच्या एसटीची वेळ झाली. मुलांनी पिशव्या खांद्याला लावल्या आणि पायरीखाली उभी राहिली, आधी ओंकार, मग निखिल, कडेला सोनल. कर्नल त्यांच्या शेजारी ताठ उभे राहिले. दार उघडलं. काकूंनी लुगडं बदललं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता. उंबऱ्याच्या आत थांबल्या. एरवी त्या बाहेर ओट्यावर येत, नाव सांगत आणि लगेच आत वळत. त्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या, आणि नाव येत नव्हतं.

कर्नल म्हणाले, "वहिनी, सवड घ्या. उद्या सांगितलं तरी चालेल."

काकूंनी मान हलवली. सोनलला हाताने जवळ बोलावलं. ती पायऱ्या चढून उंबऱ्यापाशी आली. काकूंनी तिचा हात धरून उजेडाकडे वळवला, फोड बघितला.

"भाजलं होतं तर हात का काढला नाहीस?"

"काढला असता तर तूप भातावर पडलं असतं, आजी."

काकूंनी हात सोडला नाही. दूर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. निखिलने तिकडे बघितलं, पण हलला नाही.

"घरी कोण आहे?"

"आई."

"तिला सांगून आलीस?"

"हो."

"काय म्हणाली?"

सोनल पहिल्यांदाच अडखळली. दिवसभरात तिला एवढ्या प्रश्नांची उत्तरं देताना मी पाहिलं होतं.

"काही बोलली नाही," ती म्हणाली. "डबा भरत होती."

काकूंचा हात तिच्या मनगटावर घट्ट झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कर्नलांकडेही नाही. एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं, मग दुसरं, आणि मुलीच्या समोर ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब," त्या कर्नलांना म्हणाल्या, मान न वळवता, "हिचं नाव घाला."

मग तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जाऊन ये, बाळ."